हाताखालचं लाकूड

१

दर शनिवारी सकाळी मी आईच्या घराला पाणी घालायला जायचे. लोक झाडांना घालतात, मी घराला घालायचे. पाठीवर अडकवायचा पंप, त्यात तांदळाच्या धुवणासारखं गढूळ पाणी, आणि डोक्याला रुमाल. जिन्यापासून सुरुवात करायची, मग तुळया, मग खिडक्यांच्या चौकटी. वरून आईचा आवाज यायचा, "आली का फवारणीवाली?"

त्या पाण्यात जंतू असायचे. जंतू म्हटलं की लोक हात धुवायला पळतात, पण सगळेच जंतू घर लुटायला आलेले नसतात. काही राखणदार असतात. ते लाकडात जागा धरून बसतात आणि बुरशी आली की तिला पाय टेकू देत नाहीत. आमच्या प्रयोगशाळेचा सगळा उद्योग हाच. जुने पूल, होड्या, कोरलेले दरवाजे, म्हणजे रसायन चोपडून काळं करणं परवडणार नाही असं सगळं लाकूड आमच्याकडे यायचं आणि आम्ही त्याला राखणदार नेमून द्यायचो. दादा मला फोनवर म्हणायचा, "तू म्हणजे लाकडांची दाई आहेस." दाई बरी, मी म्हणायचे, तुझ्यासारखी नुसती पाहुणी तर नाही.

घर बाबांनी स्वतः बांधलेलं. खाली त्यांचं कामाचं दालन, वर स्वयंपाकघर आणि दोन खोल्या. बाबा मुठी बनवायचे. हातोड्याची, कुऱ्हाडीची, पटाशीची, फावड्याची, जगात ज्याला ज्याला धरायला लागतं त्याची मूठ. गावात त्यांना नावाने कुणी ओळखत नसे, मूठवाले म्हणूनच ओळखत. आणि गंमत अशी की त्यांच्याच उजव्या हाताची शेवटची दोन बोटं करवतीने नेलेली. "चणे आहेत तर दात नाहीत, त्यातली गत," असं ते स्वतःच येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून सांगायचे. उरलेल्या दोन बोटांत आणि अंगठ्यात ते प्रत्येक मूठ धरून बघायचे. डोळे मिटायचे. "मूठ हातात आहे हे हाताला कळता कामा नये," म्हणायचे, "कळलं की फुकट गेली."

चहा झाला की आई वरून टाचेने जमिनीवर ठोकायची. खालून बाबा लाकडी हातोडा तुळईवर मारायचे. एकदा मारला म्हणजे आलो. दोनदा मारला म्हणजे सरस वाळतोय, थांब. मी त्या आवाजांवर वाढले. आजही कुठे दाराला थाप पडली की माझा कान दुसऱ्या थापेची वाट बघतो.

२

बाबा गेले आणि घराने अंग टाकलं. ओढ्याकाठची ओल त्या घराला पहिल्यापासूनच होती, पण ते होते तोवर ती जमिनीखाली दबून राहिली होती. ते गेल्यावर ती जिन्याने वर यायला लागली. पायऱ्या पोकळ वाजू लागल्या. तुळयांवर तपकिरी चौकोनी भेगा पडल्या, बोटाने दाबलं की लाकूड बिस्किटासारखं मोडायचं. हवेला शिळा वास आला आणि आईला खोकला लागला. ती खिडकीशी बसून राहायची. जेवायची नाही. विचारलं की म्हणायची, "जेवले की मघाशी." मघाशी म्हणजे कधी, ते तिलाही माहीत नसायचं.

डॉक्टर म्हणाले, घर बदला. दादा फोनवर म्हणाला, "घर राहू दे, आईला हलव."

"मला काय हलवताय?" आई म्हणाली. "मी कपाट आहे का?"

मी तिची समजूत घालायला गेले आणि तिने माझा हात धरला. "या घरातून मला काढलंस ना, तर मी फार दिवस राहायची नाही. धमकी नाही देत गं. नुसतं सांगतेय."

आई अशी बोलणारी बाई नव्हती. म्हणून मी ठरवलं की घर वाचवायचं. घर वाचलं तर आई वाचेल, इतका सरळ हिशेब होता.

आमची पद्धत अशी. आजारी घरात एखादी तरी फळी निरोगी असते. बाकी सगळं सडत असताना ती का टिकली? कारण तिच्यात आधीच चांगले राखणदार वस्तीला असतात. ती फळी शोधायची, तिच्यातून ते काढायचे, वाढवायचे आणि घरभर पसरायचे. बाहेरच्या पहारेकऱ्यापेक्षा घरचा कधीही बरा. मी माळ्यापासून शोधायला लागले. छपराचे वासे तपासले, चौकटी ठोकून पाहिल्या, सगळीकडे तोच बिस्किटाचा प्रकार. काखेत कळसा आणि गावाला वळसा. शेवटी खालच्या दालनात गेले तर बाबांचं कामाचं टेबल उभं होतं. त्याच्या पायांवर पांढरी बुरशी जाळ्यासारखी चढत गेली होती, फळीच्या कडेपर्यंत आली होती आणि तिथे थांबली होती. कडेवर जिथे बाबांचा उजवा हात आयुष्यभर टेकला, तिथे लाकूड झिजून वाटीसारखं खोल झालं होतं. त्या खळग्यापासून वीतभर अंतरात बुरशीचा एक धागासुद्धा नव्हता.

नमुना घेण्याआधी लाकडाचा वरचा थर ज्योतीने जाळून घ्यायचा असतो, मग आत भोक पाडायचं. नाहीतर लाकडातल्या जंतूंबरोबर माणसाच्या हाताचेही येतात. हा नियम मी नव्या पोरांना घसा कोरडा होईतो शिकवते. पण त्या खळग्यावर मला ज्योत धरवली नाही. मी पातं घेतलं आणि वरूनच खरवडलं.

३

आमच्याकडे बुरश्या पाळायचं काम ज्यांच्याकडे आहे त्यांना सगळे बुरशीमामा म्हणतात. राखणदार तयार झाला की त्याला मामांच्या बुरशीसमोर काचेच्या बशीत बसवायचं, एका बाजूला हा, एका बाजूला ती, आणि बघायचं कोण कुणाला अडवतं. मामा आपल्या बुरशीची बाजू घेतात. हरली की त्यांना वाईट वाटतं.

या वेळी त्यांनी मला हाक मारून बोलावलं. बशी हातात धरून उजेडात फिरवत होते.

"ही काल इथपर्यंत आली होती." त्यांनी काचेवर पेनाने केलेली खूण दाखवली. "आज बघ."

बुरशीची कड खुणेच्या पुष्कळ मागे होती.

"मेली असेल," मी म्हटलं.

"मेली तर जागच्या जागी मरेल ना! बुरशी वाढते नाहीतर थांबते. मागे सरत नाही. तिला काय पाय आहेत?" मग त्यांनी झाकण किंचित उचललं आणि हुंगलं. "आणि हा वास कसला? कुणाचं तरी जुनं जाकीट उघडल्यासारखा येतोय."

मी वाकले. जवसाचं तेल, सरस आणि उन्हात काम केलेल्या माणसाचा घाम. मला एकदम रडू आलं, तिथेच, पांढऱ्या कोटात. बुरशीमामा बिचारे बशी ठेवून पाणी आणायला धावले.

नंतर मी स्वतःला नीट समजावलं. वरून खरवडलं म्हणजे कातडीवरचे जंतू आले, आणि घामाला वास असतो तो त्यांचाच. यात रडण्यासारखं काही नाही, आणि घाबरण्यासारखं तर त्याहून नाही. नळीवर नाव लिहायचं होतं. मी लिहिलं, मूठ.

४

पहिल्या काही फवाऱ्यांतच फरक दिसला. भिंतीवरचे डाग वाळले. पायऱ्यांचा पोकळ आवाज गेला. शिळा वास कमी कमी होत गेला आणि त्याच्या जागी तो दुसरा वास आला, आधी फक्त जिन्यात, मग वरच्या खोल्यांतही. मी दार उघडून आत पाऊल टाकायचे आणि दप्तर पाठीला लावलेली पोर व्हायचे. आता खालून हाक येईल, "ढलपे, चपला बाहेर!" मला ते ढलपी म्हणायचे, रंध्यातून उडालेली. दारात उभं राहून तो वास छातीत भरून घ्यायची मला चटकच लागली. शनिवारची वाट बघायला लागले मी.

आईचा खोकला थांबला. ती जेवायला लागली. गाल भरले. एकदा मी पंप उतरवत होते तर वर कुणीतरी गुणगुणत होतं, आणि ती आई आहे हे कळायला मला क्षणभर लागला.

त्याच दिवशी मला जिन्याचा कठडा दिसला. बाबांनी तो एका सलग लाकडाचा घडवला होता. ओलीने त्याची तकाकी जाऊन तो मांजराच्या अंगासारखा लवदार झाला होता. आता त्याच्या अगदी खालच्या टोकाला एक तुकडा चमकत होता. तळहाताएवढा. मला वाटलं, जंतूंचा बुळबुळीत थर साचला असेल, कधीकधी साचतो. मी स्पिरिटने पुसलं. चमक तशीच राहिली. भिंग लावून पाहिलं तर लाकडाचे तंतू दाबून बसलेले, गुळगुळीत झालेले. अशी झीज वर्षानुवर्षं हात फिरला तरच येते. पाण्याने नाही, औषधाने नाही, फक्त हाताने.

पुढच्या शनिवारी चमक अर्ध्या जिन्यापर्यंत आली होती.

"आई, तू जिन्याने खाली-वर करतेस का?"

"या गुडघ्यांनी?" आई हसली. "उडून जाते मी."

सामान शेजारीण आणून द्यायची, पण तिच्या दोन्ही हातांत पिशव्या असायच्या आणि जिना चढताना ती कठड्याला नव्हे, देवाला धरायची. मी मनात म्हटलं, मन चिंती ते वैरी न चिंती. लाकूड ओलं होतं, वाळताना आकसलं, तंतू बसले. पटण्यासारखं होतं. घरी जाईपर्यंत पटलेलंही होतं.

५

मग स्वयंपाकघराचं दार. दाराच्या कडेला, पलीकडच्या अंगाला एक गोल चमक, अंगठ्याएवढी. अलीकडच्या अंगाला दोन. मी माझा हात तिथे लावून पाहिला. दार ढकलताना आपण कड धरतो, अंगठा पलीकडे जातो, चार बोटं अलीकडे राहतात. माझी पहिली दोन बोटं बरोबर त्या चकाकीवर बसली. उरलेली दोन कोरड्या, खरबरीत लाकडावर होती.

मी हात काढून घेतला. मग उगीचच कोटाला पुसला.

हातच्या कांकणाला आरसा कशाला, हे मलाही कळत होतं. पण मी आयुष्यभर लोकांना सांगत आले की आधी साधं कारण शोधा. जंतूंना पाय नसले तरी ते पसरतात. जिन्यावर फवारलं तर दारापर्यंत जाणारच. जिथे मुळात बाबांच्या हाताची जुनी झीज होती ती आता वरची घाण गेल्यावर दिसायला लागली, एवढंच. हे कारण इतकं चांगलं होतं की मी ते तासभर तरी जपलं. मग आईच्या खुर्चीची पाठ पाहिली. ती खुर्ची बाबा गेल्यानंतर मी आणली होती.

त्या दिवशी मी चहाला थांबले. आईने कप मांडले, चहा गाळला, आणि टाचेने जमिनीवर ठोकलं.

"आई?"

"अगं, सवय." ती ओशाळली. "जित्याची खोड."

पण ती लगेच बसली नाही. मान किंचित तिरकी करून उभी राहिली. मीही कान दिला. खालून काहीच आलं नाही, ओढ्याचं पाणी तेवढं वाहत होतं. आई जरा वेळ तशीच होती. मग तिने तिसऱ्या कपावर बशी झाकली.

"सरस वाळतोय," ती म्हणाली आणि मला बिस्किटं पुढे केली.

मला तिथे भीती वाटायला हवी होती. खरं सांगते, मला हेवा वाटला. तिला ऐकू आलं आणि मला नाही.

६

थंडी सुरू झाली तशी आईची पाठ धरली. मी म्हटलं, मलम चोळून देते. ती पाठमोरी बसली, मी शाल बाजूला केली.

म्हाताऱ्या माणसाची कातडी कशी असते ते सांगायला नको. तशीच ती होती, मऊ, सैल, बारीक सुरकुत्यांची. फक्त उजव्या खांद्यावर तीन जागी नव्हती. मागे एक, अंगठ्याएवढी. पुढे गळ्याच्या हाडाजवळ दोन. तिथे एकही सुरकुती नव्हती. कातडी किंचित आत गेलेली, घट्ट आणि चकचकीत. मी बोट टेकवलं. गुळगुळीत होतं, पण कातडीसारखं नव्हे. जुन्या, वापरलेल्या मुठीसारखं.

"हे काय झालंय, आई?"

"कुठे?"

"खांद्यावर. कधीपासून आहे?"

"दुखत नाही गं काही." तिने शाल ओढून घेतली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू रागावू नकोस. मी नाही बोलावलं. तूच आणलंस ना?"

मी तोंडाने काहीतरी बोलले, पण मलमाची डबी बंद होईना. आई मात्र शांत होती. मला वाटलं ती माझीच कीव करतेय.

मी दादाला फोन केला. खांद्याचं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "आईला हलवते."

"चला, एकदाची शहाणी झालीस," दादा म्हणाला.

७

आईला मी खोटं सांगून आणलं. म्हटलं, छप्पर उघडायचंय, चार दिवस माझ्याकडे ये. तिने पिशवीत दोन कपडे भरले. जिना उतरताना मी तिला एका बाजूने धरलं होतं. दुसरा हात तिने कठड्यावर ठेवला नाही. तो तिने हवेत, कोपरात दुमडून ठेवला होता, कुणी आधार दिला की ठेवतात तसा.

तिला माझ्या फ्लॅटवर बसवून मी परत गेले. प्रयोगशाळेत टेबलं पुसायला जे जंतुनाशक वापरतो त्याचे डबे नेले होते. भर दुपार होती, सगळ्या खिडक्या उघड्या होत्या, आणि तरी मी रेडिओ मोठ्याने लावून ठेवला. कठडा, दारं, खुर्ची, कपाट, पलंगाची डोक्याकडची फळी. सगळीकडे त्या तीन चमकत्या जागा होत्या. पलंगावर तर किती होत्या ते मी पाहिलं नाही. वास नाकात झोंबत होता, तो माझ्या डब्यांचा आणि त्याखाली तो दुसरा. जसजशी पुसत गेले तसतसा तो दुसरा पातळ होत गेला. मी बाबांना पुसतेय असं काही मी मनात येऊ दिलं नाही. पण डोळे वाहत होते आणि ते सगळं जंतुनाशकामुळे नव्हतं.

शेवटी खाली गेले. टेबलाच्या कडेवरच्या खळग्यावर मी ज्योत धरली. जी सुरुवातीला धरायची होती तीच. लाकूड काळं पडलं, एक बारीकसा धूर निघाला. घरात मग कसलाच वास उरला नाही. इतकं रिकामं घर मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

८

माझा फ्लॅट कोरडा, सिमेंटचा, उन्हाचा. ओल नाही, बुरशी नाही. आईला इथे काय व्हायचंय, असं मला वाटलं. पण तिला मी आगीतून काढून फुफाट्यात टाकलं होतं.

पहिल्याच दिवशी चहा झाल्यावर तिने टाचेने फरशी ठोकली. खालच्या मजल्यावरचे काका धावत वर आले, "काकू, काही हवंय का?" आम्ही तिघंही हसलो. दुसऱ्या दिवशी ते परत आले. मग त्यांना मी समजावलं, मग ते यायचे थांबले. आई ठोकायची आणि उभी राहायची. दर वेळी जरा जास्त वेळ. मी म्हणायचे, बस ना आई, चहा निवतोय. एक दिवस ती ठोकून उभी राहिली ती गॅसवर ठेवलेलं दूध उतू जाईपर्यंत. त्यानंतर तिने ठोकलं नाही.

खोकला परत आला. जेवण सुटलं. "जेवले की मघाशी." चार दिवस उलटून गेले तरी तिने छपराचं विचारलं नाही. मला वाटतं, मी त्या दुपारी घरात काय केलं ते तिला माहीत होतं. ती बोलली असती, भांडली असती, तर मला बरं वाटलं असतं. ती माझ्याशी अगदी गोड वागायची, पाहुण्याघरी वागतात तशी.

अंग पुसून देताना मी खांदा बघायचे. आधी चमक गेली. मग त्या तीन जागा तपकिरी झाल्या. मग तिथे भेगा पडल्या, आधी उभ्या, मग आडव्या, आणि कातडीचे लहान लहान चौकोन झाले. डॉक्टर म्हणाले, वय, कोरडी हवा, मलम लावा. मी मान डोलावली. असे चौकोन मी आयुष्यभर बघत आलेय, पण ते माणसावर नव्हेत.

चौकोन रोज थोडे पसरत होते. पाठीकडे आणि गळ्याकडे.

९

चादरीवर एक पापुद्रा पडला होता. मी तो कागदात घेतला आणि बुरशीमामांना नेऊन दिला. कुठला ते सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही, दिवसभर असे पापुद्रेच त्यांच्याकडे येतात.

जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या टेबलाशी आले.

"आपलीच आहे," ते म्हणाले. "तपकिरी. जुनी ओळख." मग मान हलवली. "पण हे लाकूड गेलं समज. वरून उभं दिसत असेल, आत चुरा झालाय. कुठला खांब आहे हा?"

"घरचा."

"मधला?"

"हो," मी म्हटलं. "मधला."

"टेकू लाव मग. आणि लवकर लाव." ते जायला वळले, थांबले. "तो तुझा राखणदार होता ना गं, ज्याने माझी बुरशी मागे हटवली? तो असता तर कदाचित."

आम्ही कुठलाही राखणदार पूर्ण मारत नाही. घरात मारला तरी प्रयोगशाळेत त्याची एक नळी गोठवून ठेवलेली असतेच. तसा आमचा रिवाज आहे. मी ती नळी फेकायला एकदा फ्रीजपर्यंत गेले होते, आणि फ्रीजचं दार लावून परत आले होते.

संध्याकाळी दादाचा फोन आला. "आई कशी आहे?"

"जातेय," मी म्हटलं. दादा म्हणाला, "वय झालंय गं तिचं." सगळेच तेच म्हणत होते. बरोबरही असेल. पण ज्या बाईचं आयुष्य वस्तू राखण्यात गेलं तिने आपल्या आईच्या बाबतीत असं म्हणून गप्प बसायचं, हे मला जमेना.

१०

नळीतलं वाढायला थोडे दिवस लागले. मी प्रार्थना करणारी नाही, पण त्या बाटलीशी मी बोलायचे. लवकर, लवकर.

दुपार होती. उन्हाचा पट्टा आईच्या पलंगापर्यंत आला होता. ती भिंतीकडे पाठ करून, डोळे मिटून पडली होती. दोन दिवस ती बोलली नव्हती. कोरीव लाकडासाठी आम्ही वापरतो तो मऊ ब्रश मी आणला होता.

"आई, औषध लावते हं."

मी बाटलीचं झाकण उघडलं. जवसाचं तेल, सरस, घाम. खोलीच्या सिमेंटच्या भिंतींना तो वास कधी माहीत नव्हता, तरी तो असा पसरला की जणू तिथलाच होता. आईच्या नाकपुड्या हलल्या.

मी चौकोनांवर ब्रश फिरवला. ओल मुरत गेली. मनात माझं नेहमीचं चाललं होतं, जंतूंना वस्ती करायला आठवडाभर तरी लागतो, शनिवारी बघू, घाई करायची नाही. मी ब्रश उचलला आणि पुन्हा बुडवायला बाटलीकडे वळले.

तेव्हा आईच्या खांद्याची कातडी दबली. आधी मागे, एका जागी. मग पुढे, दोन जागी. हळूच, उशीवर हात टेकला की उशी दबते तशी. ब्रश माझ्या हातात होता. खांद्याला काही लागलेलं नव्हतं.

आईने डोळे उघडले. माझ्याकडे नाही पाहिलं.

"किती वेळ लावलात," ती म्हणाली. तिचा तो आवाज मी लहानपणानंतर ऐकला नव्हता, तक्रारीचा आणि तक्रार अजिबात नसलेला. आणि मग जिला गेले कित्येक दिवस मी कुशीवर वळवत होते ती आई स्वतःच्या बळावर भिंतीकडे सरकली. पलंगावर माणसाएवढी जागा झाली.

गादीची स्प्रिंग वाजली. मी त्या जागेकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मला काहीतरी करावं लागलं असतं, आणि आई श्वास घेत होती, खोकला नव्हता, गालावर रंग येत होता. मला भीती वाटत होती आणि त्या भीतीतही मला असं वाटलं की आपण सगळे घरी आहोत.

मी डोळे पुसले आणि ब्रश पुन्हा बाटलीत बुडवला. डावा खांदा अजून राहिला होता.